नाव हरवलेलं झाड, देश हरवलेला माणूस

‘शाकुंतल’ म्हटलं की मराठी घरात आधी किर्लोस्कर आठवतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेबांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि महाराष्ट्राला नाट्यसंगीताचं जे वेड लागलं, ते अजून पुरतं उतरलेलं नाही. दुसरी आठवण शाळेतली. जर्मन महाकवी गटे शाकुंतल वाचून इतका हर्षभरित झाला की पुस्तक डोक्यावर घेऊन नाचला, असं आमचे गुरुजी सांगायचे. नाचला की नाही ते गुरुजींनाच ठाऊक. पण ते नाटक त्याच्या मनात घर करून राहिलं, हे खरं. एक साधा प्रश्न मात्र वर्गात कुणी विचारत नसे. गटेला संस्कृत येत नव्हतं. मग कालिदास त्याच्यापर्यंत पोचवला कुणी?

त्या माणसाचं नाव गेओर्ग फॉर्स्टर. सर विल्यम जोन्स यांनी केलेलं शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर १७८९ साली कलकत्त्यात छापलं गेलं. त्यावरून फॉर्स्टरनं १७९१ मध्ये ते जर्मनमध्ये आणलं. गटे, हेर्डर आणि त्या पिढीतल्या अनेक जर्मन लेखकांना भारताची ओढ लागली ती या छोट्या पुस्तकामुळे. पण भाषांतर हा फॉर्स्टरच्या आयुष्यातला एक कोपरा झाला. त्या आधी सतरा वर्षं, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना, तो पॅसिफिक महासागरातल्या एका उजाड बेटावर उतरला होता आणि तिथल्या एका खुरट्या झाडाचा नमुना त्यानं सोबत आणला होता. पुढे त्या झाडाच्या नावाचा घोळ शतकभर चालला. आज ते झाड जगात कुठेही आपणहून उगवत नाही. फॉर्स्टर आणि ते झाड, या दोघांची गोष्ट मला एकत्रच सांगावीशी वाटते. का, ते ओघात कळेल.

गेओर्गचा जन्म २७ नोव्हेंबर १७५४ चा, बाल्टिक किनाऱ्यावरच्या डान्झिग शहराजवळच्या खेड्यातला. वडील योहान राइनहोल्ड फॉर्स्टर हे धर्मोपदेशक होते, पण त्यांचं चित्त चर्चपेक्षा पानाफुलांत आणि पुस्तकांत अधिक. माणूस विद्वान, तितकाच तापट. कुठल्याही नोकरीत वरिष्ठांशी त्यांचं फार काळ पटलं नाही आणि हातात पैसा कधी टिकला नाही. अशा बापाच्या थोरल्या मुलाचं बालपण जसं जायचं तसंच गेओर्गचं गेलं. दहाव्या वर्षी वडिलांचं बोट धरून तो रशियात व्होल्गा नदीकाठी हिंडला आणि रोपं ओळखायला शिकला. राणी कॅथरीनच्या सरकारनं वडिलांना तिथल्या वसाहतींची पाहणी करायला पाठवलं होतं. त्या कामाच्या पैशांवरूनही वाद झाला आणि बापलेक इंग्लंडला आले. तेराव्या वर्षी गेओर्गनं लमनोसव्हच्या रशियन इतिहासाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते छापूनही आलं. आपल्याकडे या वयाची मुलं सातवी-आठवीत असतात. या मुलावर मात्र घर चालवायला हातभार लावायची वेळ आली होती.

मग १७७२ साल उजाडलं. कॅप्टन कुक दुसऱ्या पृथ्वीप्रदक्षिणेला निघणार होता. सर जोसेफ बँक्स हे नामवंत निसर्गशास्त्रज्ञ त्याच्याबरोबर जायचे होते, पण जहाजावरच्या जागेवरून बिनसलं आणि त्यांनी ऐनवेळी माघार घेतली. त्यांच्या जागी राइनहोल्डची वर्णी लागली. त्यांनी अट घातली ती एकच, मुलगा मदतनीस म्हणून बरोबर येईल. १३ जुलै १७७२ रोजी ‘रिझोल्यूशन’ जहाजानं प्लिमथ बंदर सोडलं तेव्हा गेओर्ग सतरा वर्षांचा होता. त्याचं काम चित्रं काढण्याचं. प्राणी, पक्षी, वनस्पती, जे दिसेल ते कागदावर उतरवायचं. तीन वर्षं हे चाललं. १७ जानेवारी १७७३ रोजी या जहाजानं दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलं. माणसाच्या ज्ञात इतिहासातली ती पहिली वेळ होती.

बर्फाच्या समुद्रातली दुसरी मोहीम आटोपून जहाज उत्तरेकडे वळलं तेव्हा शंभरावर दिवस कुणी जमीन पाहिली नव्हती. खारवलेलं मांस आणि किडलेली बिस्किटं खाऊन खलाशांना स्कर्व्हीनं ग्रासलं होतं. खुद्द कुक पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. ताजं मांस कुठून आणणार? शेवटी फॉर्स्टर मंडळींचा लाडका कुत्रा मारून त्याचं सूप कप्तानाला पाजण्यात आलं, तेव्हा कुठे तो सावरला. अशा अवस्थेत मार्च १७७४ मध्ये त्यांना ईस्टर बेट दिसलं.

हे बेट म्हणजे तीन ज्वालामुखींचा एक तुकडा. चिलीचा किनारा तिथून साडेतीन हजार किलोमीटरवर. १७२२ साली ईस्टरच्या रविवारी डच दर्यावर्दी रोगेव्हेन तिथे पोचला म्हणून युरोपियनांनी त्याला ईस्टर हे नाव दिलं. तिथली माणसं त्याला रापा नुई म्हणतात. दगडाच्या प्रचंड मूर्तींसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. गेओर्गनं त्या मूर्ती पाहिल्याच, पण त्याला अधिक जाणवलं ते तिथलं उजाडपण. प्यायचं पाणी मचूळ, वनस्पतींचे प्रकार मोजून वीसएक, आणि सावलीला बसावं असं झाड नाही. बोराबोराचा माहिने नावाचा एक तरुण जहाजावर होता. बेटावरची भाषा त्याला बरीचशी समजत होती. माहिनेला तिथली माणसं आवडली, जमीन मात्र मुळीच आवडली नाही. त्यानं तिथून लाकडात कोरलेला एक हात मिळवला आणि तो राइनहोल्डना दिला. लांब, निमुळत्या बोटांचा तो हात आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्या उजाड बेटावर एक झुडूप होतं. पुरुषभर, फार तर त्याहून थोडं उंच, वेडंवाकडं वाढलेलं. लाकूड तांबूस आणि कठीण. बेटावरचे लोक त्याच्या सोटे आणि लहान मूर्ती बनवत. बरगड्या बाहेर आलेल्या माणसाच्या ज्या मूर्ती ईस्टर बेटाची खूण म्हणून संग्रहालयांत दिसतात, त्या बहुधा याच लाकडाच्या. कुकच्या आणि फॉर्स्टरच्या वर्णनांत या झुडपाची नोंद ‘मिमोसा’ अशी आहे. त्या काळी मिमोसा हे फार मोठं गाठोडं होतं. आपली बाभूळ, खैर, शिरीष आणि लाजाळू, सारी त्यात बांधलेली होती.  या झुडपाची शेंगही आपल्या बाभळीच्या शेंगेसारखी, दोन बियांच्या मध्ये आवळलेली. पण बाभळीला पिवळे गोंडे येतात, तर याची फुलं वाटाणा, हादगा यांच्या घराण्यातली, पिवळी आणि खाली झुकलेली. म्हणजे शेंगांच्या गणगोतातलंच, पण बाभळीच्या घरचं नव्हे.

गेओर्गचा नमुना इंग्लंडला पोचला, वाळवून कागदावर चिकटवला गेला. नंतरच्या अभ्यासकांना त्यातली फुलाची ठेवण आणि शेंग न्यूझीलंडच्या कोव्हाई नावाच्या झाडासारखी वाटली. कोव्हाईचं शास्त्रीय नाव ‘सोफोरा टेट्राप्टेरा’, म्हणजे चार पंखांची सोफोरा; तिच्या शेंगेला चार कंगोरे असतात. ईस्टर बेटाचं झाडही तेच, असं अनेकांनी ठरवून टाकलं. त्यातच सॅलिसबरी नावाच्या इंग्रज वनस्पतितज्ज्ञानं या झाडांसाठी ‘एडवर्ड्‌सिया’ अशी वेगळी प्रजाती पाडली. वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या सिडनहॅम एडवर्ड्‌सच्या सन्मानार्थ हे नाव. १८७३ साली चिलीत स्थायिक झालेला जर्मन शास्त्रज्ञ फिलिपी यानं पहिल्यांदा सांगितलं, की ईस्टर बेटाचं झाड स्वतंत्र आहे. त्यानं नाव दिलं ‘एडवर्ड्‌सिया टोरोमिरो’. तरीही काही जण कोव्हाईच म्हणत राहिले. अखेर स्वीडिश शास्त्रज्ञ स्कॉट्सबर्ग १९१७ मध्ये स्वतः बेटावर गेला, त्यानं झाडं पाहिली आणि १९२२ साली नाव कायम केलं, ‘सोफोरा टोरोमिरो’. फॉर्स्टरनं नमुना आणल्याला तेव्हा जवळपास दीडशे वर्षं झाली होती.

गंमत म्हणजे बेटावरच्या लोकांना या झाडाचं नाव पहिल्यापासून ठाऊक होतं. टोरोमिरो. त्यातल्या ‘मिरो’ या शब्दाचीही कथा आहे. पॅसिफिकच्या इतर बेटांवर मिरो म्हणजे आपल्या कोकणच्या खाडीकाठी दिसणारं भेंडीचं झाड. भाजीची भेंडी नव्हे, पिंपळासारख्या पानांची पारोसा भेंडी. दूरच्या बेटांवरून होड्यांतून आलेल्या माणसांनी आपल्या गावाकडची नावं सोबत आणली आणि नव्या मुलखातल्या झाडांना लावली. रापा नुईच्या भाषेत पुढे मिरोचा अर्थच लाकूड असा झाला. झाडं इतकी थोडी उरली, की एका झाडाचं नाव साऱ्या लाकडांना पुरलं.

माझं निम्मं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. नावात काय आहे, असं म्हणणाऱ्यानं एकदा तालुक्याच्या गावी पीककर्जाच्या हंगामात बसून पाहावं. सातबाऱ्यावर एक नाव, पासबुकावर दुसरं, मतदार यादीत तिसरं. आणि तीनही नावांचा धनी एकच शेतकरी, डोक्यावरचा फेटा सावरत समोर उभा. कधी उलटंही असायचं. नाव एकच, माणसं दोन. पहिल्या घोळात फार तर एक हेलपाटा जास्त पडतो. दुसरा घोळ वाईट, कारण त्यात एक माणूस कागदावरून नाहीसाच होतो. टोरोमिरोचं झालं ते या दुसऱ्या प्रकारातलं. कोव्हाईच्या नावाखाली ते मोडलं, तोवर कागदोपत्री ते न्यूझीलंडमध्येही मुबलक होतं. मुबलक वस्तूची काळजी कोण करतो?

गेओर्गच्या नावाचंही असंच होत गेलं. १७७५ च्या जुलैमध्ये जहाज परतलं. प्रवासाचा अधिकृत वृत्तांत लिहिण्यावरून राइनहोल्ड आणि नौदल खात्याचे प्रमुख यांचं वाजलं आणि वडिलांना वृत्तांत लिहायला मनाई झाली. करार वडिलांनी केला होता, मुलानं नाही. तेव्हा मुलगा लिहायला बसला. मार्च १७७७ मध्ये, कुकचं पुस्तक येण्याच्या काही आठवडे आधी, गेओर्गचं दोन खंडांचं प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं. लेखक बावीस वर्षांचा. बेटांवरच्या माणसांकडे माणसं म्हणून पाहणारं, त्यांच्या घरांत आणि चुलीपर्यंत जाणारं असं ते पुस्तक होतं. पण जहाजावरचे खगोलशास्त्रज्ञ वेल्स यांनी जाहीर आरोप केला, की हे सारं बापाचंच लिखाण, मुलाचं नुसतं नाव. गेओर्गला उत्तरादाखल पत्रक छापावं लागलं. पुस्तकानं कीर्ती दिली, पैसा दिला नाही. त्यानं काढलेली चित्रं त्या आधीच, कर्जापायी, बँक्सना विकावी लागली होती. ती त्याच्या हयातीत छापून निघाली नाहीत.

वनस्पतिशास्त्रात झाडाच्या नावामागे ते नाव देणाऱ्याचं नाव लिहितात. तिथेही बापलेक कायमचे जोडले गेले आहेत. आपला फणस ज्या प्रजातीत मोडतो ती ‘आर्टोकार्पस’ या दोघांनी मिळून प्रस्थापित केली. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थ पावाचं फळ. ताहितीत त्यांनी नीरफणस पाहिला होता, त्यावरून ते सुचलं. कोकणातला माणूस फणस फोडतो, तेव्हा त्याच्या नकळत फॉर्स्टर पितापुत्रांचं नाव त्या झाडाच्या सातबाऱ्यावर असतं.

पुढची पंधरा वर्षं नोकरीच्या शोधातली. कासेल, मग विल्नो, मग माइन्झ इथे विद्यापीठाचा ग्रंथपाल. १७८५ मध्ये ग्योटिंगेनच्या प्राध्यापक हायने यांची कन्या टेरेझे हिच्याशी लग्न झालं. संसार सुखाचा झाला नाही. १७८६ साली त्यानं इमान्युएल कांटशी जाहीर वाद घातला. कांट आपलं गाव सहसा न सोडणारा थोर तत्त्वज्ञ; त्यानं माणसांच्या वंशांची वर्गवारी पुस्तकांवरून केली होती. ज्यानं माणसं पाहिली नाहीत त्यानं त्यांचे कप्पे करू नयेत, अशी फॉर्स्टरची भूमिका होती. १७९० मध्ये वीस वर्षांच्या एका तरुणाला घेऊन तो ऱ्हाइनच्या काठाकाठानं हॉलंड आणि इंग्लंडपर्यंत हिंडला. तो तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट. फॉर्स्टरचं ऋण त्यानं जन्मभर मानलं.

शाकुंतलाचं भाषांतर याच सुमाराचं. जर्मन वाचकाला हिंदुस्थानातल्या रीतिभाती, देव, झाडं यांतलं काय ठाऊक असणार, म्हणून त्यानं मागे टिपा जोडल्या. झाडांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी न पिणारी ती मुलगी, निरोप घेताना वाकलेल्या वेली, या साऱ्यात रानोमाळ झाडं हुडकत हिंडलेल्या या माणसाचा जीव रमला असेल तर नवल नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीचं वारं १७९२ च्या ऑक्टोबरात माइन्झला पोचलं. फ्रेंच फौजांनी शहर घेतलं. फॉर्स्टरपुढे दोन वाटा होत्या, पळून जाणाऱ्या राज्यकर्त्यांमागे जाणं किंवा स्वातंत्र्य आणि समतेच्या नव्या विचारामागे उभं राहणं. त्यानं दुसरी वाट धरली. जर्मन भूमीवरच्या त्या पहिल्या प्रजासत्ताकाच्या लोकसभेचा तो उपाध्यक्ष झाला. हे छोटं राज्य फ्रान्सनं सामावून घ्यावं, ही विनंती घेऊन मार्च १७९३ मध्ये तो पॅरिसला गेला. काही दिवसांत परतायचं होतं. पण प्रशियाच्या फौजांनी माइन्झला वेढा घातला आणि जुलैमध्ये शहर पडलं. जर्मनीत त्याला देशद्रोही ठरवून त्याच्या शिरावर इनाम लावण्यात आलं. पत्नी त्याच्याच एका मित्राबरोबर राहू लागली होती. नोव्हेंबरमध्ये स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवरच्या गावी त्यानं तिला आणि मुलींना काही दिवस पाहिलं, ते शेवटचं.

ज्या क्रांतीसाठी सारं गमावलं, ती पॅरिसमध्ये गिलोटिनखाली माणसं कापत होती. ते पाहूनही माणसं स्वतंत्र असावीत हा विश्वास त्यानं सोडला नाही, पण तो आतून थकला. त्या दिवसांत त्याच्या मनात एक बेत घोळत होता, फारसी-अरबी शिकायची आणि खुष्कीच्या मार्गानं हिंदुस्थान गाठायचा. तो बेत तसाच राहिला. १० जानेवारी १७९४ रोजी पॅरिसमधल्या भाड्याच्या खोलीत न्यूमोनियानं त्याचा अंत झाला. वय एकोणचाळीस.

देशद्रोही ही चिठ्ठी एकदा चिकटली, ती पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ निघाली नाही. जर्मन घरांत त्याचं नाव घेणं टाळलं जाई. विसाव्या शतकात पूर्व जर्मनीनं त्याचं समग्र साहित्य संपादित करायला घेतलं. १९८७ मध्ये अंटार्क्टिकावरच्या आपल्या संशोधन केंद्राला त्याचं नाव दिलं. देश एक झाल्यावर ते केंद्र १९९३ मध्ये बंद पडलं. पण तोवर नाव परत आलं होतं. हुम्बोल्ट प्रतिष्ठाननं विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठी फॉर्स्टरच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू केली.

आणि टोरोमिरो? विसाव्या शतकाच्या आरंभी बेट मेंढ्यांच्या कंपनीकडे गेलं. माणसं एका गावात कोंडली गेली आणि हजारो मेंढ्या मोकळ्या सुटल्या. त्यांनी रोपं वर येऊच दिली नाहीत. रानो काऊ या ज्वालामुखीच्या उभ्या कड्यांच्या विवरात तेवढं थोडं रान वाचलं. नॉर्वेचा थोर हायरडाल १९५५-५६ मध्ये मोहीम घेऊन तिथे गेला, तेव्हा शेवटचं एक झाड उरलं होतं. त्याच्या शेंगांतल्या बिया त्यानं युरोपात नेल्या, त्या स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या उद्यानात रुजल्या. १९६० च्या सुमारास ते झाडही गेलं. निसर्गातून नामशेष, अशी आता त्याची नोंद आहे.

इथेही नावाचा जुना घोळ आडवा आलाच. युरोपात, चिलीत आणि इतरत्र अनेक बागांत टोरोमिरोची पाटी लावलेली झाडं होती. १९९० च्या दशकात जनुकांची तपासणी झाली, तेव्हा त्यातली काही इतर सोफोरा किंवा संकरित निघाली. खरी म्हणून उरली ती थोडी, आणि बहुतेक त्या एका झाडाची लेकरं. चुकीच्या पाटीखालची झाडं बेटावर लावली गेली असती, तर गेलेलं झाड परत आल्याचं समाधान सर्वांना मिळालं असतं आणि खरं झाड कायमचं गेलं असतं.

खरी रोपं बेटावर अनेकदा नेली गेली. बहुतेक जगली नाहीत. हरभऱ्या-तुरीच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला पुरवतात, हे आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. टोरोमिरोही शेंगवर्गातलं, त्यालाही अशी सोबत लागते. बेटाच्या झिजलेल्या मातीत ती सोबत उरली नसावी, असा एक तर्क आहे. माती तीच असली तरी घर तेच राहिलं नाही. तरीही माळी आणि शास्त्रज्ञ रोपं वाढवताहेत, नेताहेत, मेली की पुन्हा पेरताहेत.

कालिदासानं आपल्या नाटकाच्या नावात ‘अभिज्ञान’ हा शब्द घातला. अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण. दुष्यंत वाईट माणूस नव्हता, त्याची ओळख पुसली गेली होती. एक अंगठी माशाच्या पोटातून परत आली तेव्हा त्याला सारं आठवलं. जर्मनीला फॉर्स्टर आठवला तो त्याच्या कागदांतून. टोरोमिरोच्या बाबतीत ती अंगठी म्हणजे मूठभर बिया. राजाला उशिरा का होईना, शकुंतला भेटली, कारण ती कुठेतरी जिवंत होती. आपल्या परसातल्या, बांधावरच्या, खाडीकाठच्या झाडांची नावं मुलांना सांगायची ती याचसाठी, ती जिवंत असताना.